दमयंतीकाकींच्या रक्ताचा पडदा

मी डायलिसिसच्या नळकांड्यातला पडदा बोलतोय. केसाएवढ्या हजारो पोकळ तंतूंचा मी झुबका. माझ्या अंगावरची छिद्रं इतकी बारीक, की रक्तातली घाण आणि जादा क्षार बाहेर जातात, रक्तपेशी मात्र आतच राहतात. माणसाचं रक्त मला परकं मानत नाही, याचा मला अभिमान होता.

रत्नागिरीच्या एका रुग्णालयात तंत्रज्ञ स्वरूपने माझ्यावर चिठ्ठी चिकटवली : दमयंती, पूर्णगड. तेव्हापासून मी फक्त त्यांचा. आठवड्यातून दोनदा चार-चार तास त्यांचं रक्त माझ्यातून फिरायचं. मग स्वरूप मला धुऊन, औषध भरून फळीवर ठेवायचा.

चौथ्या खेपेपासून त्या रक्तात पोटॅशियम वाढू लागलं. ते फार झालं, की हृदय चालता चालता थांबतं.

"काकी, पथ्य पाळताय ना?" स्वरूप विचारायचा.

"पेज नि भात. दुसरं काय नाय रे."

तो तसंच लिहून घ्यायचा. रक्तातलं मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठलं?

आज आठवी खेप. काकींच्या पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. त्यांचे यजमान रघूकाका त्यांना धरून खाटेपर्यंत घेऊन आले आणि बाहेर बसले. अर्ध्या तासात माझा एक जुना तंतू फुटला. बाजूच्या स्वच्छ पाण्यात लाली उतरली, यंत्र किंचाळलं. मॉनिटरवर काकींचे ठोके पोटॅशियमनं लांब लांब पडत होते. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं. मला काढून नवं नळकांडं जोडलं.

ठोके सावरल्यावर स्वरूप खाली वाकला. "काकी, आता तरी खरं सांगा."

"घरच्या माडाचं शहाळं. हे रोज सकाळी सोलून देतात. म्हणतात, ह्यानंच तू बरी होशील."

"शहाळ्यात पोटॅशियम ठासून असतं, काकी. काकांना सांगायला हवं."

काकींनी त्याचं मनगट घट्ट धरलं. "नको रे. आपल्याच हातानं बायकोला मारत होतो, असं वाटंल त्यांना. मीच नाय पिणार. शपथ."

स्वरूपने होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनाही तो काही बोलला नाही.

मी दाराजवळच्या लाल पिशवीत पडलोय. कचऱ्याची गाडी येईलच. चार वाजता रघूकाका आत आले, काकींच्या पायांत चपला सरकवल्या.

"चल गो. उद्यापासून दोन शहाळी देतो. लय अशक्त झालीस."

काकी हसल्या. म्हणाल्या, "द्या."

स्वरूप, अजून ती दोघं पायरीवरच आहेत. हाक मार.