उणे एक अक्षराचं नाव

चेक देशातल्या ब्रनो शहरच्या लुबोर व्राना सरांनी 'बालीक' हा प्रोग्राम लिहिला होता, आवळून बांधलेल्या, म्हणजे झिप केलेल्या, फायली सोडवायचा. फुकट असल्यामुळे तो जगभरच्या लाखो संगणकांत जाऊन बसला होता, आणि सरांना त्याचा कोण अभिमान! त्यात भोक आहे असं कुणी म्हटलं की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखे फिस्कारायचे. आणि नेमकं भोक सापडलं ते ब्लांकाला. अकरा वर्षांपूर्वीची त्यांची विद्यार्थिनी, आता दुसऱ्यांच्या प्रोग्राममधली भोकं हुडकून नाव कमावलेली.

या धंद्यात रिवाज असा, की आधी कर्त्याला गुपचूप कळवायचं, नव्वद दिवस थांबायचं आणि मग जगाला सांगायचं. सरांनी तिला तीनदा उत्तर धाडलं, तिन्हीदा एकच: "बघतो." उद्या नव्वदावा दिवस. दुरुस्तीआधी भोक जाहीर झालं, तर कुठलाही भामटा एक फाईल पाठवून लोकांचे संगणक ताब्यात घेणार. म्हणून ब्लांका भरदुपारी सरांच्या नेहमीच्या बिअर बारमध्ये थडकली. सर लॅपटॉप शेजारी ठेवून जेवत होते.

"सर, ही फाईल उघडा. तुमच्याच बालीकने."

"गुलाश गार होतोय, पोरी."

"होऊ दे. उघडा."

सरांनी उघडली. पडद्यावर टुणकन कॅल्क्युलेटर आला. या लोकांची पुरावा द्यायची हीच तऱ्हा: घरात शिरलो, चोरलं काही नाही, फक्त कॅल्क्युलेटर लावून ठेवला.

"हं," सर म्हणाले.

"हं काय? फाईल सांगते, माझ्या आत बांधलेल्या फाईलचं नाव उणे एक अक्षराचं आहे. बालीक विचारतो, दोनशे पंचावन्नपेक्षा जास्त नाही ना? मग या आत! नाव उतरवून घेताना त्याच उणे एकाचे होतात चारशे कोटी. अक्षरं जागेत मावत नाहीत, शेजारच्या मेमरीत पसरतात, आणि तिथे माझा हुकूम चालतो. शून्याहून कमी आहे का, एवढं विचारायचं कोणत्या दिवट्याला सुचलं नाही? थांबा, नावच बघते."

कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद असतेच. सरांनी झटकन लॅपटॉपवर हात ठेवला.

"राहू दे. चूक माझी."

सर आणि चूक कबूल करणार? ब्लांकाने तो हात बाजूला सारला. ओळीपुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि नाव होतं ब्लांका होराकोवा.

तिचे कान लाल झाले.

"बाहेरच्या कुणी बालीकसाठी पाठवलेली ती पहिली ओळ," सर गुलाशकडे बघत म्हणाले. "इतका हरखलो, की न वाचताच घेतली. दुरुस्ती मी पहिल्याच दिवशी करून ठेवलीय. पण जाहीर केली की सगळे जुनी ओळ बघणार. तुझं हसं झालं असतं."

"म्हणून तीन महिने लाखो लोकांना उघड्यावर ठेवलंत? लाज नाही वाटत, सर?" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

तिने लॅपटॉप ओढला आणि दुरुस्तीच्या सूचनेत लिहिलं: 'भोक पाडलं: ब्लांका होराकोवा. भोक शोधलं: ब्लांका होराकोवा.'

सरांनी ते दोनदा वाचलं, खाली एक ओळ घातली: 'न वाचता घेतलं: लुबोर व्राना.' आणि जाहीर करायचं बटण तिलाच दाबू दिलं.