बटाट्याच्या पोत्यांखालची गादी

मित्रांनो, मी कुस्तीची एक जुनी गादी आहे. बाजारात मिळते तशी निळी आणि गुळगुळीत मी नव्हे. मी मेंढीच्या लोकरीची, दूरच्या एका डोंगराळ देशातल्या नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातली. माझ्या अंगाला अजून मेंढीचा वास येतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. एकदा मात्र माझ्याच माणसांना माझी लाज वाटली होती. ती हकीगत मला तुम्हाला सांगायची आहे.

गावात मुलींची तालीम काढली ती सुयुनबेक यांनी. पोरी त्यांना 'आगाय' म्हणत, म्हणजे गुरुजी. तालीम कसली, लोकर साठवायची जुनी वखारच ती. गादीसाठी आगायनी वर, क्रीडा खात्याकडे, तीन अर्ज केले. उत्तर प्रत्येक वेळी एकच आले: सरकारी गाद्या पदक मिळवणाऱ्यांसाठी आहेत, आधी पदक आणा. पत्र ऐकून शेजारच्या बुरमाकान आजी म्हणाल्या, "आणि पदक आणायचं ते काय फळ्यांवर डोकं आपटून? थांब सुयुनबेक, मेंढीच अंथरते तुझ्या जमिनीवर."

आजींनी सात जणी गोळा केल्या. त्यांनी लोकर काठ्यांनी झोडली, बोरूच्या चटईवर पसरली, वर कढत पाणी ओतले, मग चटई गुंडाळून दिवसभर तुडवली. आपापल्या सासवांच्या नकला करत, पोट धरून हसत तुडवली. असे नमद्याचे, म्हणजे तुडवून घट्ट झालेल्या लोकरीचे, सहा थर एकावर एक शिवले, वर ताडपत्री चढवली आणि माझा जन्म झाला. ते हसणे अजून माझ्यात कुठेतरी आहे असे मला वाटते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. हिवाळ्यात येताना प्रत्येक पोरीने शेगडीसाठी एक गोवरी आणायची असा नियम होता. गोवरी नाही तर कुस्ती नाही. अक्मारल नावाची एक हडकुळी पोर मात्र दोन आणायची, एक घरची आणि एक वाटेत कुणाच्या तरी ढिगातून उचललेली. ती माझ्यावर जितकी पडली तितके कोणीच पडले नसेल. पडली की हाताने मला थोपटायची आणि पुन्हा उभी राहायची. माझी शिवण उसवली की बुरमाकान आजी जाडी सुई घेऊन येत आणि म्हणत, "कोणत्या म्हशीनं लोळण घेतली गं हिच्यावर?" अक्मारल लगेच हात वर करायची.

सोळाव्या वर्षी तिची निवड झाली आणि ती राजधानीत गेली. तिथे काचेची मोठी तालीम आहे, फक्त आठ मुली आहेत आणि गाद्या दर वर्षी बदलतात, असे तिने फोनवर सांगितले.

पाच वर्षांनी तिने परदेशातून रौप्यपदक आणले. इकडे तालमीचे छप्पर गळत होते आणि पंचायतीने वखार बटाटे ठेवायला द्यायचे ठरवले होते. अर्धी पोती तर येऊनही पडली होती. तेवढ्यात कळले की अक्मारलच्या सत्कारासाठी राजधानीतून क्रीडा खात्याचे साहेब येणार आणि तालीमही पाहणार. त्यांनी मदतीचा शेरा दिला तर तालीम राहणार होती, नाहीतर अकरा पोरींनी घरी बसायचे होते.

आणि मित्रांनो, इथेच आमच्या माणसांनी घोळ घातला. पाहुण्याला घरातली उणीव दिसणे म्हणजे आमच्याकडे मरणप्राय गोष्ट. घराघरातून सुनांच्या माहेरचे नक्षीदार नमदे आले. गळक्या छपराखाली रंगीत कापड ताणले गेले. मेंढा कापला. आणि मला चौघांनी उचलून कोपऱ्यात टाकले, वर बटाट्याची पोती रचली. माझ्या अंगावर आजवर किती पोरी पडल्या, पण इतके जड मला कधी वाटले नव्हते.

साहेब आले आणि खूश झाले. "इथं तर राजधानीपेक्षा थाट आहे. तुम्हाला कमी कशाची, आगाय?"

आगायच्या ओठावर छप्पर होते, गादी होती, अकरा पोरी होत्या. पण पाहुण्यापुढे हात पसरायचा कसा? ते म्हणाले, "देवाच्या दयेनं सगळं आहे, साहेब."

साहेबांनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिले. बुरमाकान आजी दाराशी पुटपुटल्या, "मेंढ्याबरोबर तालीमही कापली मेल्यानं."

अक्मारल आत आली ती इकडेतिकडे पाहतच. "आगाय, माझी गादी कुठंय?"

एका लहान पोरीने पोत्यांकडे बोट दाखवले. अक्मारलने सत्काराचा अंगरखा काढला, एकेक पोते बाजूला लोटले आणि मला ओढत आणून दारासमोरच्या मानाच्या जागी, त्या सुंदर नमद्यांच्या वर, अंथरले.

"पोरी, पाहुण्यांसमोर..." आगाय लगबगीने पुढे आले.

"पाहुण्यांसाठीच, आगाय. साहेब, मानाची जागा ही. बसा."

मानाची जागा नाकारणे आमच्या रीतीत बसत नाही. साहेब नव्या विजारीनिशी माझ्यावर बसले, इकडे सरकले, तिकडे सरकले. त्यांचा हात माझ्या गाठींवरून, ठिगळांवरून फिरला.

"हे काय टोचतंय खाली?"

"तुम्ही न दिलेली गादी आहे ती, साहेब," बुरमाकान आजी म्हणाल्या.

साहेबांनी खाली माझ्याकडे पाहिले. मग छताला ताणलेल्या कापडाकडे पाहून म्हणाले, "ते जरा काढा." कापड निघाले आणि भोकातून ऊन सरळ माझ्यावर पडले. साहेबांनी वहीतले पान फाडले आणि आगायना म्हणाले, "आता खरं सांगा."

वसंतात छप्पर झाले. गादीही आली, राजधानीत एक वर्ष वापरून बदललेली. पोरींना ती नवीच. बटाटे दुसरीकडे गेले. बुरमाकान आजी आता नाहीत, पण त्यांचे टाके अजून घट्ट आहेत. मी शेगडीजवळ पडून असते. अगदी लहान पोरी माझ्यावर पडायला शिकतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे काही जुने, ठिगळांचे असेल. त्याची डागडुजी करा, आणि कोणी मोठा माणूस आला तर ते लपवू नका. आमचे आगाय पाहुण्यासाठी अजून मेंढा कापतात, ती खोड काही जायची नाही. पण जेवण वाढण्याआधी ते त्याला माझ्यावर बसवतात, आणि टोचेपर्यंत उठू देत नाहीत.