एकतीस गाड्या

मनकर्णा तुकईथड गावाहून परत आली तेव्हा तिच्या कपाटात कपबश्या मांडलेल्या होत्या.

कपाट भिंतीतलं, काचेच्या दारांचं, पाच फळ्यांचं. त्यात गेली कित्येक वर्षं तिच्या छोट्या मोटारी उभ्या असत. एकूण एकतीस. आता वरच्या फळ्यांवर भावजयीच्या माहेरच्या निळ्या काठाच्या कपबश्या होत्या, मधे पितळी डबे आणि तळाला जुनी वर्तमानपत्रं. हातातली पिशवी खाली न ठेवता मनकर्णा तशीच उभी राहिली.

"उषा, माझ्या गाड्या कुठे गेल्या?"

उषा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. "ते ह्यांनाच विचारा, अक्का."

हे छप्पन सालचं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. नोव्हेंबरच्या एक तारखेला नवं राज्य व्हायचं होतं. नागपूर आपल्यातून सुटणार, राजधानी भोपाळला जाणार, ग्वाल्हेर-इंदूरपासून रीव्यापर्यंतचा मुलूख एका कारभाराखाली येणार, हेच बऱ्हाणपुरात जो तो बोलत होता. केळीवाल्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. कचेरीतल्या लोकांची मात्र झोप उडाली होती. कोणाला कुठे धाडतील याचा नेम नव्हता. मनकर्णाचा धाकटा भाऊ सुधाकर कचेरीत कारकून होता, आणि महिनाभर त्याच्या तोंडी एकच शब्द होता, यादी.

मनकर्णा मुलींच्या शाळेत शिकवायची. वय छत्तीस. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा बापानेच तिला माहेरी आणलं आणि शिकायला घातलं. बाप, शालिग्राम, गिरणीच्या गोऱ्या साहेबाची मोटार चालवायचा. मनकर्णा नऊ वर्षांची असताना मडमेने त्याला एक चेपलेला पुठ्ठ्याचा डबा दिला. आत पत्र्याचे तुकडे, बारीक स्क्रू, रबराची चार चाकं आणि एक नकाशा. विलायतेत असे डबे मिळतात आणि पोरंसोरं त्यातून मोटार जोडतात, असं मडम म्हणाली. बापलेकीने ती मोटार ओसरीवर बसून सतरा दिवसांत जोडली. तिथून पुढे मनकर्णाला दुसरा नाद राहिला नाही.

मुंबईच्या एका दुकानातून ते डबे पार्सलने येत. कधी पत्र्याचे, पुढे पुढे लाकडाचे. लाकडाच्या डब्यात मोटारीच्या आकाराचा ओबडधोबड ठोकळा असायचा. तो कानशीने घासायचा, भेगांत लांबीची लुगदी भरायची, पुन्हा घासायचा, मग रंगाचे पातळ हात द्यायचे, एकावर एक, मधे दोन-दोन दिवस वाळवून. घाई केली की रंगाला सुरकुती पडायची. लढाईच्या दिवसांत डबे यायचे बंद झाले, तेव्हा बापलेकीने तुपाच्या डब्याचा पत्रा कापून साहेबाची काळी मोटार हुबेहूब बनवली. तिचं इंजिनावरचं टोपण उघडायचं, मागचे दरवाजे उघडायचे, आतल्या बैठकीला खरं कातडं होतं. या एका मोटारीला चौदा महिने लागले. ती झाल्यावर तीन वर्षांनी शालिग्राम वारला.

संध्याकाळी सुधाकर घरी आला. चपला काढता काढताच त्याने बहिणीचा चेहरा पाहिला आणि काय ते समजला.

"बस अक्का, तू आरडाओरडा करू नको," तो म्हणाला. "आमच्या कचेरीच्या त्रिवेदी साहेबांच्या बंगल्यावर दिल्या. दसऱ्याची भेट म्हणून."

"कोणाला विचारून?"

"तू इथं होतीस का विचारायला? आणि विचारलं असतं तर दिल्या असत्यास?"

"नाही."

"मग? यादी साहेबांच्या हातून जाते. सहा जणांची नावं जाणार आहेत, त्यांना थेट सीधीला धाडतील, नाहीतर सरगुज्याला. बाईसाहेबांनी एकदा शाळेच्या प्रदर्शनात तुझ्या गाड्या पाहिल्या होत्या, त्यांना भारी पसंत पडल्या होत्या. मामला एवढाच."

"बाबांची काळी गाडी पण?"

सुधाकरने पाय धुवायला तांब्या उचलला. "अर्ध्या देऊन अर्ध्या ठेवायच्या, हे बरं दिसलं असतं का?"

त्यांची आई, मथुराबाई, माजघराच्या उंबऱ्यावर बसून होती. मनकर्णाने तिच्याकडे पाहिलं. आई काही बोलेल असं तिला वाटलं होतं.

"मने, आता जाऊ दे व," मथुराबाई म्हणाली. "भाऊ हाये तो तुझा. त्याले तिकडी दूर धाडलं असतं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं?"

मनकर्णा त्या दिवशी जेवली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जेवली, शाळेत गेली, उषाला दळण निवडू लागली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिच्या आत काय चाललं होतं ते कोणाला दिसलं नाही. शाळेत फळ्यावर सुविचार लिहिताना तिचा हात मधेच थांबायचा. ती गाड्यांचा विचार करत नसे. सुधाकर पाय धुवायला वळला होता ती त्याची पाठ तिच्या डोळ्यांपुढे येई.

शाळेतल्या शिपाईबाई, सरुबाई, सकाळी त्रिवेदी साहेबांच्या बंगल्यावर धुणंभांडी करायच्या. त्यांच्याकडून मनकर्णाला एकेक गोष्ट कळत गेली. गाड्या दिवाणखान्यात मांडल्या आहेत. एका लाल गाडीचं चाक पुसताना निघालं. आणि बाईसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की साहेबांचे भाऊ विलायतेला होते, त्यांनी आणल्या.

"तुमचं नाव काढलं मी एकदा," सरुबाई म्हणाल्या. "तं म्हने, चूप रहो."

तरीही मनकर्णाने भावाला एक संधी दिली. भाऊबीजेला तिने पाट मांडला, रांगोळी काढली, सुधाकरला ओवाळलं. त्याने तबकात नवं लुगडं ठेवलं. तिने ते उचललं नाही.

"सुधा, मला ही ओवाळणी नको. माझ्या गाड्या आणून दे. सगळ्या नको, बाबांची काळी तेवढी आण. साहेबांना सांग, चुकून आली."

यादीत आपलं नाव नाही हे सुधाकरला दोनच दिवसांपूर्वी कळलं होतं. तो खुशीत होता. हसला.

"अक्का, दिलेली चीज कोणी परत मागतं का? आणि खेळणीच ना ती? लेकरूबाळ असतं तर तू इतकी त्यांच्यात जीव गुंतवून बसलीच नसतीस."

उषाने मान खाली घातली. मथुराबाई म्हणाली, "सुधाकर!" पण तेवढंच.

मनकर्णाने निरांजन फुंकलं नाही, तबक देवापुढे नेऊन ठेवलं. लुगडं घडी न मोडता उषाच्या पेटीवर ठेवलं. तिच्या मनात त्या क्षणी रागसुद्धा नव्हता. कामाला हात घालायच्या आधी जसं होई तसं, सगळं शांत आणि स्पष्ट झालं होतं. आधी काय करायचं, मग काय, हे तिला दिसत होतं.

पुढच्या रविवारी खंडव्याहून जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. नव्या राज्याच्या आनंदात त्रिवेदी साहेबांच्या बंगल्यावर चहापान होतं, आणि मुलींच्या शाळेने स्वागतगीत म्हणायचं होतं. गाण्याच्या बाईंना मनकर्णाने सांगितलं, "तुमचा घसा बसलाय, तुम्ही राहू द्या. मुलींना मी घेऊन जाते." तिने सहा मुली निवडल्या आणि तीन दिवस त्यांच्याकडून गाणं घोटून घेतलं. सुधाकरला तिने सांगितलं नाही. पण तोही तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. पाहुण्यांची खुर्च्यांपासून सगळी व्यवस्था कचेरीतल्या लोकांकडेच होती.

गाणं चांगलं झालं. मुलींना दराबा मिठाईच्या पुड्या मिळाल्या आणि त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. मनकर्णा दिवाणखान्याच्या दाराशी उभी राहिली. दारासमोरच्या मांडणीवर तिच्या गाड्या होत्या, कोणत्याही क्रमाने ठेवलेल्या, लॉरीशेजारी शर्यतीची. काळी मोटार मधोमध. सुधाकर चहाचा ट्रे घेऊन आत आला, त्याने बहिणीला पाहिलं आणि ट्रेमधले कप एकमेकांवर वाजले.

मोठे साहेब गाड्यांपाशी थांबले होते. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी काळी मोटार उचलली.

"वाह. ये कहाँ से?"

"इनके भाई विलायत से लाए थे," बाईसाहेब म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी मागचा दरवाजा नखाने ओढून पाहिला. तो उघडेना. त्यांनी जरा जोर लावला.

"साहब, टूट जाएगा," मनकर्णा दारातून म्हणाली. "पहले अंदर दबाइए, फिर छोड़िए."

सगळे वळले. मोठ्या साहेबांनी दरवाजा आत दाबला, सोडला. तो आपोआप उघडला. त्यांनी आतलं कातडं पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"आपको कैसे मालूम, बहनजी?"

"मैंने बनाई है. मैंने और मेरे पिताजी ने. ये इकतीस की इकतीस मेरी हैं." ती पुढे गेली आणि लाल गाडीचं निघालेलं चाक मांडणीवरून उचलून तिच्या आसावर बसवलं. "किसी का भाई विलायत से नहीं लाया."

त्रिवेदी साहेब काहीतरी बोलायला गेले. मोठ्या साहेबांनी हात वर केला. "फिर यहाँ कैसे आईं?"

इथे मनकर्णा गप्प राहिली असती, किंवा घरच्यांची काही गैरसमजूत झाली असं म्हणाली असती, तरी चाललं असतं. गाड्या तिला परत मिळाल्याच असत्या, बाईसाहेबांचं तोंड उतरलंच होतं. हे तिला त्याही वेळी कळत होतं. तिने ट्रे धरून उभ्या असलेल्या सुधाकरकडे सावकाश पाहिलं. त्याचे डोळे तिची विनवणी करत होते. लहानपणी काही मोडलं की तो असाच पाहायचा, आणि ती बापाला सांगायची की माझ्या हातून मोडलं.

"मेरा भाई यहाँ के दफ़्तर में बाबू है," ती म्हणाली. "ये खड़ा है. दशहरे में मुझसे बिना पूछे दे गया. तबादले की सूची में नाम न आए, इसलिए."

कोणाचा तरी चमचा बशीत पडला. मोठ्या साहेबांनी काळी मोटार दोन्ही हातांनी जागेवर ठेवली आणि टोपी मागवली.

गाड्या त्याच संध्याकाळी परत आल्या, दोन टोपल्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणणारा चपराशी उंबऱ्याच्या आत आला नाही. पाचांना डाग पडले होते, एकीची काच गेली होती. मनकर्णाने उषाच्या कपबश्या एकेक करून उतरवल्या, पुसल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. सुधाकर अंगणात भिंतीशी बसून होता. तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडेल म्हणून ती तयार होती, मनात उत्तरं जुळवून बसली होती. ती उत्तरं तशीच राहिली.

नवव्या दिवशी हुकूम आला. त्रिवेदी साहेबांची बदली झाली, पण ती जबलपूरला. सुधाकरची सीधीला.

"तिथं रेल्वेसुद्धा जात नाही," तो आईला म्हणाला. बहिणीशी बोलणं त्याने सोडलंच होतं.

मथुराबाईने आपली वळकटी बांधायला घेतली तेव्हा मनकर्णा पहिल्यांदा हलली. "तू कुठे निघालीस?"

"पोराबरोबर."

"इतक्या लांब? ह्या वयात? माय, इथं घर आहे तुझं."

"घर हाये," मथुराबाई म्हणाली. "तू त्याले चार लोकांत उघडं पाडलं. मी त्याले एकटं सोडू?" दोरीची गाठ तिच्याने आवळेना. मनकर्णा गाठ मारायला वाकली, तेव्हा तिने तिचा हात बाजूला केला आणि उषाला हाक मारली.

गावाबाहेर लालबागला असलेल्या स्टेशनावर मनकर्णा गेली नाही. टांगा शनवाऱ्याच्या वेशीकडे वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन डागाळलेल्या पाच गाड्यांचा रंग खरवडायला बसली. तिला बरं वाटलं, हे खरं. तिने ते पुढेही कोणापासून लपवलं नाही. शाळेतल्या बाया आडून विचारत, तेव्हा ती म्हणे, "हो, मीच धाडलं त्याला."

पाच वर्षं गेली. सीधीहून पोस्टकार्डं यायची ती उषाच्या हातची, चार ओळींची. एकसष्टच्या उन्हाळ्यात तार आली. मथुराबाई तापाने गेली होती, आणि तार पोचली तेव्हा तिसरा दिवस उलटला होता.

सुधाकर अस्थी घेऊन एकटाच आला. केस पांढरे झाले होते, बोलण्यात तिकडची हिंदी शिरली होती. दोघं राजघाटावर गेली. तापीला पाणी कमी होतं, गुरुजींनी विधी आटोपता घेतला. नंतर दोघं भाऊबहीण पायरीवर बसली, मधे हातभर अंतर ठेवून.

"शेवटी तुझं नाव घेत होती," सुधाकर म्हणाला.

मनकर्णाने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती रडली. तो नदीकडे पाहत राहिला.

"एक पूछता हूँ अक्का," तो म्हणाला, मग मराठीत आला. "गाड्या तुला मिळाल्याच होत्या. ते शेवटचं बोलली नसतीस तर तुझं काय गेलं असतं?"

तिने डोळे पुसले. खोटं बोलायचा तिला कंटाळा होता, आणि त्या दिवशी तर खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"माझं काही गेलं नसतं," ती म्हणाली. "तुझंही काही गेलं नसतं. म्हणूनच बोलले."

सुधाकरने मान हलवली. बरीच वर्षं जे धरून चाललो ते बरोबर निघालं, अशी. तो उठला, ओल्या धोतराचा सोगा पिळला.

"जेवून जा," मनकर्णा म्हणाली.

"दुपारची गाडी आहे."

"वरण-भात होईल तेवढ्यात."

तो दोन पायऱ्या चढून थांबला. वळून पाहिलं नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मनकर्णा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्या मागे चालू लागली.