पेरू काढणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पुरुषभर लांब, पोलादी आणि मनाने खुनशी. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात. मला ते जमत नाही.

ओझरजवळच्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी नळ्यांच्या जोडांतल्या भेगा शोधत. त्यासाठी किरणं सोडणारी एक बोटाएवढी कांडी होती. ती हाताने धरली तर हाताची वाट लागते, म्हणून लांबून उचलायला मला घडवलं. मालक बहिरूशेठ मला हौसेने घेऊन आले. खंडेनवमीला मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि खिळ्याला टांगलं.

माझ्या जबड्यात धरून कांडी उचलायला वेळ लागे. तेवढ्यात हाताने दोन जोड उरकतात, असं शेठचं म्हणणं. शिवाय पुजलेली वस्तू रोज कशाला मळवायची? मग सायखेड्याचा रंगनाथ कांडी बोटांनीच उचलू लागला. आणि मी मागच्या झाडाचे पेरू काढू लागलो. शेठना पेरू फार आवडत. माझ्या कारकिर्दीत एकाही पेरूला इजा झाली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

रंगनाथची बोटं लाल झाली, मग फोड आले, शेवटी दोन बोटं कापावी लागली. अंगात उष्णता झाली असेल, ताक पीत जा, असं शेठनी सुचवलं. त्या दिवसापासून मला जो गंज चढला, तो निव्वळ रागाचा होता.

यंदा सुरक्षा सप्ताह आला. शेठनी मला घासूनपुसून काचेच्या पेटीत ठेवलं. वर उंचावर पाटी लावली : 'त्या काळी धोका कोणालाच ठाऊक नव्हता.' जुन्या कामगारांचा सत्कारही ठेवला. रंगनाथ आला, पण नारळासाठी नाही. ही पाटी राहिली तर तुमची बोटं आपोआप गळाली असं होईल, असं त्याची बायको कलाबाई त्याला बजावून होती. त्याला ती पाटी उतरवून हवी होती.

शेठ गोड आवाजात म्हणाले, "आजच्या नियमांनी तेव्हाचं मोजू नये, रंगनाथ."

मित्रांनो, हे मलाही पटतं. आजची यंत्रं तेव्हा नव्हती, आजचे कायदेही नव्हते. नका लावू आजची मापं. माझी लांबी लावा. मी तेव्हाचाच आहे.

रंगनाथने पेटी उघडली आणि उरलेल्या बोटांनी मला बाहेर काढलं.

"शेठ, हा एवढा लांब कशाला आणला व्हता?"



"लांबून उचलायला," शेठ पुटपुटले. पेरूंचं नाव त्यांनी घेतलं नाही.

कोणीतरी घाईघाईने रंगनाथला द्यायचा सत्काराचा नारळ शेठच्या हातात दिला. रंगनाथ जागचा हलला नाही. त्याने माझा जबडा उघडून शेठपुढे धरला.

"याच्यात ठेवा. धोक्याच्या गोष्टी लांबूनच घ्यायच्या. आता मला ठाऊक हाय."

शेठनी नारळ ठेवला. मी तो घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम मिळालं होतं. पाटी शेठनी स्वतःच उतरवली, खुर्चीवर चढून.

तर मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा. काचेत ठेवू नका, हाताला येईल असा टांगा. पूजा राहिली तरी चालेल, पण वापरा. पेरू मात्र यापुढे शेठनी स्वतः चढून काढावेत. झाड आता बरंच उंच झालंय.