तारांना लावलेलं तेल

मित्रांनो, प्रत्येक घरात जाड आवाजाची एखादी आत्या असते. गाणं म्हणायला तिला कुणी पुढं करत नाही, पण ती आली नाही की कार्यात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. गिटारींच्या घरातली ती आत्या म्हणजे मी, बेस गिटार. मला चारच तारा, त्याही चांगल्या जाड. बारीक गिटार टाळ्या घेते आणि मी खाली राहून गाणं धरून ठेवते. लोकांना माझं नावही माहीत नसतं. 'ती लांब मानेची' म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकूड कापलं, घासलं, लाल रंग चढवला, मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि तारा ताणल्या. तारा ताणताना दुखलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला काही आठवत नाही. पुढं हैदराबादच्या एका दुकानात मी बरीच धूळ खाल्ली, आणि तिथून मला चाँद पाशांनी उचललं. चाँद पाशा जवळा बाजारचे. त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. लग्न असो, उरूस असो, गणपती असो नाहीतर जयंती, औंढ्यापासून वसमतपर्यंत त्यांचा टेम्पो फिरतो. मला त्यांनी बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, तिचं बी तिकीट काढा." तेव्हा सगळी बस हसली होती.

सुरुवातीला मला कुणीही वाजवायचं. नुसतं धुम्म, धुम्म. मग कुरुंद्याचा माऊली पार्टीत आला आणि माझे दिवस पालटले.

माऊलीचं घर हळदीवाल्यांचं. मी त्याच्याच घरी राहू लागले. दिवसा रानात काम, संध्याकाळी मी. वाजवणं तो मोबाइलवर बघून शिकला. एकदा त्याला एक परदेशी माणूस दिसला. त्याच्या हातात माझ्यासारखीच एक होती, पण तो तिला बोटांनी छेडत नव्हता, तो तिला अंगठ्यानं बडवत होता! फंक म्हणतात त्या ढंगाचं ते वाजवणं. माऊली आ वासून बघत राहिला. मग त्यानं तेच धरलं. अंगठा हाडाच्या बाजूनं तारेवर आपटायचा आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा झटकन उचलायचा. त्याला तो 'ठोक' म्हणायचा. मग तर्जनी बारीक तारेखाली घालून तार ओढायची आणि सोडून द्यायची, की ती पट्ट्यांवर आदळून चट्‌कन बोलते. ती 'उचल'. आणि मधेमधे डाव्या हातानं तारा झाकून ठोकायचं, म्हणजे सूर न येता नुसतं खट् वाजतं. ते 'बंद'.

ठोक, बंद, ठोक, उचल. बंद, बंद, ठोक, उचल. गाण्याच्या मधल्या जागेत माऊली हे सुरू करायचा आणि मांडवातली पोरं शिट्ट्या मारायची. चाँद पाशा कीबोर्डवरून ओरडायचे, "क्या बात है!" माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मन भरून झालं. खोटं कशाला बोलू?

त्या परदेशी माणसाची एक सबंध ओळ होती. माऊलीला ती पुरी बसवायची होती. अर्धी बसली. पुढच्या अर्ध्यात डावा हात मानेवर वर वर चढतो आणि उचलीमागून उचल येते. ते अवघड होतं. "पोळ्यानंतर बघतो," तो बहिणीला म्हणाला. पोळा झाला आणि त्याला ताप भरला. नांदेडला नेलं. तिकडून तो परत आला नाही.

मला तेव्हा काय वाटलं, असं विचाराल तर काहीच वाटलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, तशीच उभी राहिले. बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या, गेल्या. त्याची माय जिवनबाई आणि धाकटी बहीण राजनंदिनी, दोघी मात्र कोरड्या. जिवनबाई भाकरी थापायच्या, ती करपायची, आणि दोघी ती करपलेली भाकरी न बोलता खायच्या. घरात टीव्ही चालू असायचा. बघत कुणी नव्हतं.

चाँद पाशा भेटायला आले तेव्हा त्यांची नजर माझ्याकडं गेली. मी पार्टीची होते, मला न्यायला हवं होतं. पण त्यांना ते बोलवेना. राजनंदिनीच म्हणाली, "चाचा, तिला इथंच राहू द्या. मी शिकते."

"तू?"

"व्हय. भाऊची लाइन अर्धी राहिली. मी पुरी करते."

चाँद पाशांनी तिच्याकडं नीट बघितलं. "देख बेटा, तू वाजव. उरसाचा सीझन लागल्यावर मी येतो. बराबर वाजली तर माऊलीची जागा तुझी. न्हाई वाजली तर मला हिला नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालावं लागंल. पार्टी बेसबिगर चालत न्हाई, तकलीफ होते."

झालं, ठरलं ते असं. पोरीला वाजवता आलं तर मी घरात, नाही आलं तर माऊलीच्या हातची शेवटची वस्तूही घराबाहेर.

पोरगी मला हात लावणार, त्याच्या आधीच आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडतात, हळद-कुंकू लावून पुजतात. जिवनबाईंनी त्या ओळीत मलाही मांडलं. मला बरं वाटलं, पहिल्यांदाच कुणीतरी ओवाळलं होतं. मग त्यांनी विळ्यांच्या पात्यांना तेलाचा हात फिरवला आणि तसाच माझ्या तारांवरूनही फिरवला. करडीचं तेल, घाण्याचं, घट्ट. "लोखंड हाय, गंज धरंल," त्या म्हणाल्या. लेकराच्या डोक्याला तेल लावावं तितक्या मायेनं त्यांनी ते चोळलं, आणि वर हळदीचं बोट. पुढं दर शुक्रवारी त्यांनी तो नेमच धरला.

अहो, तेल! विळ्याला तेल चालतं, मला चालत नाही. माझ्या तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. त्या गुंडाळीच्या फटीत तेल शिरलं, त्यात हळद बसली, धूळ बसली, आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून डिंकासारखं चिकट झालं. माझा आवाज मेला. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बोलता येत नाही. आत्ता बोलते आहे ते सोडा.

राजनंदिनी रोज रानातून आली की हातपाय धुऊन मला घ्यायची. मोबाइलवर तो परदेशी माणूस हळू चालवायची आणि त्याच्यामागून ठोकायची. थड. थड. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. उचल तर उठायचीच नाही. तिनं याआधी मला कधी हात लावला नव्हता, तेव्हा दोष तारांचा हे तिला कळणार कसं? भाऊनं वाजवलं की वाजायचं, आपण वाजवलं की वाजत नाही, म्हणजे आपलाच हात खोटा, असा तिनं हिशोब केला. आणि ती जोरानं ठोकू लागली. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर दुसरा आला. अंगठा सुजून टम्म झाला.

"नंदे, दुखून नाही राहिलं का गं?" जिवनबाई विचारायच्या.

"न्हाई."

खरंच दुखत नव्हतं तिला. मी तिच्या अंगठ्याखालीच होते, मला माहीत आहे. ती भिंतीकडं बघत ठोकत राहायची. आणि तरीही, मित्रांनो, तिनं ती ओळ बसवली. आवाजाशिवाय बसवली. बोटं कुठं जायची, कधी झाकायचं, कधी सोडायचं, सगळं अचूक. पहिला अर्धा बसला, मग दुसराही बसला. फक्त ऐकू काही येत नव्हतं. मुकी पोरगी आणि मुकी मी, अशी आमची जोडी जमली होती.

हळद काढायचे दिवस आले. दारातल्या मोकळ्या जागेत हळद शिजवायचा कुकर लागला, वाफेचे लोट उठले, सगळ्या गल्लीत तो कच्चा, उग्र वास. आणि नेमके त्याच सकाळी चाँद पाशा टेम्पो घेऊन आले. संध्याकाळी उरसात कार्यक्रम होता.

"हां बेटा, सुना."

तिनं मला गळ्यात अडकवलं, पार्टीच्या स्पीकरच्या डब्याला वायर जोडली आणि वाजवलं. थड, थड, थड. सगळी ओळ, एकही चूक नाही आणि एकही सूर नाही. चाँद पाशांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "बोटं बराबर चालून राहिली तुझी. पण आवाजच न्हाई बेटा. हे पब्लिकपुढं न्हाई चालायचं." आणि मला घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

राजनंदिनीनं पट्टा काढून मला त्यांच्या हातात दिलं. तोंडावरची रेषही हलली नाही तिच्या. "न्या चाचा," एवढंच म्हणाली. मला त्या वेळी पहिल्यांदा वाईट वाटलं.

चाँद पाशांचा हात माझ्या तारांना लागला आणि त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. वास घेतला.

"अरे, ये क्या लगाया? तेल?"

"म्या लावलं," दारातून जिवनबाई म्हणाल्या. "खंडेनवमीपासून लावून राहिले. गंज धरू नये म्हणून."

"या अल्ला! जिवनबाई, तारेला तेल लावलं की तार मरती! पोरगी मेलेल्या तारा वाजवून राहिली एवढे दिवस!"

जिवनबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. "म्हंजे माऊलीचा आवाज म्याच मारला?"

नव्या तारा नांदेडशिवाय मिळत नाहीत, आणि टेम्पोला थांबायला वेळ नव्हता. तेवढ्यात जिवनबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तारा काढा."

"काहून? कशाला?" चाँद पाशांनी विचारलं.

"काढा म्हंते ना! तेलकट भांडं काय असंच राहतं व्हय? सोडा टाकून उकळलं की निघतंय. काढा बिगीनं."

चाँद पाशांनी खुंट्या सैल केल्या, चारी तारा काढल्या. जिवनबाईंनी चुलीवर पातेलं ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि तारांची गुंडाळी आत सोडली. बाहेर हळद शिजत होती आणि आत माझा आवाज. पाण्यावर पिवळट, काळपट फेस आला. जिवनबाईंनी पाणी बदलून पुन्हा उकळलं, पुन्हा बदललं, फेस येईना तेव्हाच थांबल्या. तारा फडक्यानं कोरड्या पुसल्या, वाऱ्यावर धरल्या. हात भाजले त्यांचे, पण फडकं कुणाला घेऊ दिलं नाही.

चाँद पाशांनी तारा पुन्हा चढवल्या, सुरात लावल्या आणि मला राजनंदिनीच्या गळ्यात घातलं.

तिनं ठोक दिली, आणि मी बोलले.

अहो, काय सांगू! पत्रे थरथरले. तीसुद्धा दचकली, हात मागं घेतला. मग पुन्हा ठोकलं. ठोक, बंद, ठोक, उचल, आणि उचल अशी कडाडली की कुकरपाशी हळद ओतणाऱ्या बाया काम टाकून दारात आल्या. शेजारचे जळबा काका रस्त्यातच उभे राहिले. जिवनबाई चुलीपाशी हात जोडून ऐकत होत्या. हीच ओळ त्यांनी माऊलीच्या हातून रोज संध्याकाळी भाकऱ्या करताना ऐकली होती. त्यांच्या तोंडावर हसू आलं. "माऊलीच हाय," त्या म्हणाल्या. "माऊलीच वाजवून राहिला."

पहिला अर्धा संपला. राजनंदिनीचा डावा हात मानेवर वर चढू लागला. उचलीमागून उचल, एकही चुकली नाही, पार शेवटापर्यंत. मग तिनं तारा झाकल्या. जिवनबाईंचं हसू तसंच होतं, पण कपाळाला आठी पडली होती.

"नंदे, ही शेवटची चाल माऊलीची कोणती गं? म्या कशी ऐकली न्हाई?"

"भाऊची न्हाई ती माय," राजनंदिनी म्हणाली. "भाऊ अर्ध्यापर्यंतच गेलता. पुढचं माझं हाय."

जिवनबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी जो टाहो फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. पोळ्यापासून अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. माऊली गेला, हे त्यांना त्या क्षणी कळलं. राजनंदिनी मला गळ्यात घेऊनच त्यांच्यापाशी खाली बसली. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

"माय, अंगठा लई दुखून राहिला," ती म्हणाली, आणि मग तीही रडली.

चाँद पाशा टेम्पोत जाऊन बसले, हॉर्न वाजवला नाही, वाट बघत राहिले. उरसाला आम्ही उशिरा पोचलो. अंगठ्याला चिंधी बांधून राजनंदिनीनं मला वाजवलं.

मित्रांनो, आपलं माणूस गेलं की त्याची वस्तू तुम्ही कोपऱ्यात मांडाल, तिला हळद-कुंकू वाहाल. तुमची माया मला कळते. पण आम्हाला पुजू नका हो. आम्हाला हातात घ्या, वापरा, चुकतमाकत का होईना, आणि ते माणूस जिथं थांबलं होतं त्याच्या पुढं न्या. ते गेल्याचं दुःख तिथंच भेटतं. त्या दुःखाला भेटल्यावाचून सुटका नाही.