गोळीवाले मास्तर

“तू त्या निमखेडात जातं ना दर गुरुवारी?” उपरण्यानं मानेवरचा घाम पुसत हिंमतरावांनी धाकट्या भावाला विचारलं.

“जातो.”

“तिथं उकंडराव म्हणून हाय एक. संत्र्याचा बगिचा हाय त्याचा. त्याची पोट्टी आपल्या माणिकले सांगून आली. कोकिळा नाव. काल शेगावात पाहूनबी घेतली. मले पसंत हाय, तुह्या वहिनीले पसंत हाय, माणिक तं पाहूनच राह्यला होता तिच्याकडे. आता तू सांग. त्या घरात काही हाय का?”

शेषराव आपल्या खोलीत स्टोव्हला पंप मारत होता. त्याचा हात थांबला.

‘काही’ म्हणजे काय, हे त्याला विचारावं लागलं नाही. गेली सहा वर्षं तो या एकाच ‘काही’च्या मागे सायकलवरून हिंडत होता. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली तो सरकारच्या कुष्ठरोग पथकात लागला होता. राहायला जळगाव जामोदला एक खोली आणि फिरायला सातपुड्याच्या पायथ्याची बावीस गावं. घरोघर जायचं, अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या द्यायच्या, त्या पोटात गेल्या की नाही ते बघायचं. लोक त्याला ‘गोळीवाले मास्तर’ म्हणत. त्या रोगाचं नाव तोंडातून काढायला नको म्हणून गोळीचं नाव.

मास्तर तो खरोखरच होता, पण दोनच वर्षं. मॅट्रिक होऊन एका खेड्यातल्या शाळेत लागला, तेव्हा चाळीस पोरांच्या गलक्यापुढे त्याचा आवाज फुटत नसे. तेही निभावलं असतं. पण तपासणीला साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी न येणाऱ्या पोरांची हजेरी भरायला सांगितली आणि हा हातात टाक धरून तासभर तसाच बसून राहिला. त्यानंतर तिथं त्याचं जमलं नाही. मग वहिनीच्या भावानं मेहकरच्या आपल्या कापडदुकानात ठेवून घेतलं. तिथं दिवसभर बोलावं लागे. एका बाईनं लुगडं पसंत केलं, तर हा हळूच म्हणाला, “बाई, याचा रंग जातो.” बाई उठून गेली आणि आठवड्याभरात शेषरावही घरी परत आला.

“तुह्यासाठी आता देवानंच एखादी नोकरी काढली पाहिजे बे,” हिंमतराव तेव्हा हसून म्हणाले होते. रागावले नव्हते. बाप गेला तेव्हा शेषराव पाच वर्षांचा होता आणि हिंमतराव सतरा. त्यांनी शाळा सोडून वखर धरला आणि धाकट्याला शिकवलं. त्याचं अबोलपण त्यांनी कधी टोचून दाखवलं नाही. कोणी दाखवलं तर ते म्हणत, “जनावरात शहाणा बैल कमीच डरकतो.”

आणि मग ही नोकरी मिळाली. तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन शेषराव पहिल्यांदा एकटा गावात शिरला आणि त्याला वाटलं, आपण इथलेच. इथं भाषण करायचं नव्हतं. एका वेळी एका माणसासमोर बसायचं, हळू बोलायचं आणि त्याच्याबद्दल दुसऱ्याजवळ काहीही बोलायचं नाही. जन्मभर लोकांनी ज्याला त्याचा दोष म्हटलं, तेच इथं कामाचं भांडवल होतं. गोठ्याच्या आड, विहिरीच्या थारोळ्याशी, तुरीच्या पिकात उभं राहून लोक त्याच्यापुढे सदरा वर करत. चेहऱ्यावर भीती असे. तो बघायचा, गोळ्या द्यायचा, पुढच्या खेपेचा वार सांगायचा. वर्षभरानं चट्टा फिकट पडला की त्या माणसाच्या चालण्यात फरक पडे. तो फरक शेषरावला दुरून कळत असे. सायकलवर एकटाच असताना तो कधीकधी हसायचा.

पण हीच माणसं बाजारात समोर आली की मान फिरवत. गोळीवाल्या मास्तरांशी ओळख आहे एवढं कळलं तरी घर बदनाम. म्हणून तोही ओळख दाखवत नसे. बावीस गावांत शेकडो माणसं त्याला ओळखत होती आणि रस्त्यात त्याला रामराम करणारं कोणी नव्हतं. त्याचं लग्नही राहिलं. दोन ठिकाणी बोलणी झाली. नोकरी कसली ते कळलं आणि पाहुणे चहा न घेता उठले. साखरखेर्ड्याला घरी गेला तरी सत्यभामावहिनी त्याला वेगळ्या ताटात वाढत. ते ताट घासून न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवलेलं असे. हिंमतराव ते पाहत आणि काही बोलत नसत. शेषरावही बोलत नसे. वहिनीची भीती त्याला कळत होती. भीती हा त्याच्या रोजच्या कामातलाच भाग होता.

“शेषा,” हिंमतराव म्हणाले, “काऊन बोलत नाही?”

कोकिळा बारा वर्षांची होती तेव्हा उकंडरावनं त्याला बगिच्यात बोलावलं होतं. पोरीच्या खांद्यामागं रुपयाएवढा चट्टा होता. हा चट्टा दुसऱ्याला लागणारा नव्हता, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत उकंडराव नव्हता. हा जाडजूड माणूस झाडाला टेकून लहान मुलासारखा रडला होता. पुढं चार वर्षं शेषराव दर गुरुवारी त्या बगिच्यात गेला. पोरीनं एकदाही गोळी चुकवली नाही. एकदा तिनं विचारलं होतं, “मास्तर, हे गेल्यावर मी बाकीच्या पोट्ट्यायसारखी होईन ना?” तो म्हणाला होता, “तू आताबी तशीच हायेस.” डॉक्टरांनी तिला पूर्ण बरी म्हणून सांगितलं त्याला आता दीड वर्ष झालं होतं. आणि उकंडरावनं एवढ्या लांबची सोयरीक का शोधली, हेही शेषरावला कळत होतं. फक्त ती सोयरीक गोळीवाल्या मास्तरांच्याच भावाच्या दारात आली आहे, हे उकंडरावला अजून कळलं नसावं.

‘मी कोणाच्याच घरचं सांगत नाही,’ असं म्हणता आलं असतं. तसं तो इतरांना म्हणतही असे. पण इथं गप्प राहणं म्हणजेच सांगणं होतं. हिंमतराव उठले असते, उपरणं झटकलं असतं आणि सहा महिन्यांत दहा गावांना कळलं असतं की त्या पोरीचं लग्न शेषराव मास्तर गप्प राहिले म्हणून मोडलं.

त्यानं दादाकडे पाहिलं. खोटी हजेरी भरायला नको म्हणून त्यानं नोकरी सोडली होती. लुगड्याच्या रंगाबद्दल त्याला खोटं बोलवलं नव्हतं.

“नाही दादा,” तो म्हणाला. “त्या घरात काही नाही. कधी नव्हतं.”

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्यानं मुद्दाम जोडलं, कारण पहिल्यानं भागलं नसतं.

“बस,” हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली. “तू म्हणतं म्हणजे झालं. आण बे आता चहा.”

लग्न वैशाखात झालं. मांडवात उकंडरावनं नवऱ्या मुलाच्या काकाला पाहिलं आणि त्याच्या हातातलं पानाचं तबक वाकडं झालं. शेषराव अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहून पुढं गेला. नंतर पाया पडण्याच्या वेळी सत्यभामावहिनी नव्या सुनेला म्हणाल्या, “हे तुह्ये चुलतसासरे. लांबूनच पड पाया.” कोकिळा वाकली. लांबून नाही, तिनं दोन्ही हात त्याच्या पावलांवर ठेवले आणि जरा वेळ तसेच राहू दिले. पदराआड तिचा चेहरा दिसला नाही. शेषरावनं पुटपुटत आशीर्वाद दिला आणि संध्याकाळच्या एसटीनं तो परतला.

दीड वर्ष चांगलं गेलं. सुनेचा हात कामाला कसा चालतो, माणिक आता कसा शेतातून वेळेवर घरी येतो, हे हिंमतराव पत्रातून कळवत. पोळ्याच्या पत्रात दिवस गेल्याची बातमी होती. शेषरावनं ते पत्र दोनदा वाचून गोळ्यांच्या पेटीच्या झाकणात ठेवलं.

दिवाळी दहा दिवसांवर आली असताना हिंमतराव स्वतःच आले. दुपारची वेळ होती. शेषराव सायकलला पेटी बांधत होता. दादा खोलीत आले नाहीत. दारातच उभे राहिले.

“तू माह्याशी खोटं बोलला,” ते म्हणाले.

शेषरावचे हात दोरीवर राहिले. त्यानं विचारलं, “कोणी सांगितलं?”

“सुनेनंच सांगितलं.” हिंमतरावांचा आवाज खरखरीत झाला होता. “दिवाळीले तू येणार म्हणून तुही वहिनी ते ताट घासून ठेवून राह्यली होती. म्हणे, त्या महारोग्यायले हात लावते हा, त्याले लांबच वाढजो. तशी पोरगी उठली. म्हणे, आत्याबाई, त्याच हातानं मले चार वर्षं गोळ्या देल्ल्या. मी बरी झाली म्हणून तुमच्या घरात हाय. त्यायले वेगळं ताट असंन तं मलेबी वेगळं वाढा. आन् ते ताट उचलून तिनं त्यात आपलं जेवण घेतलं.”

शेषराव ओट्यावर बसला.

“तिले घरात ठेवलं ना, दादा?”

“तू हेच इचारशील, मले माहीत होतं.” हिंमतराव समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होते. “ठेवलं. माणिक आडवा आला. म्हणे, ती गेली तं मीबी जातो. तुह्या वहिनीनं तीन दिवस अन्न घेतलं नाही. पण पोरगी राह्यली.”

“ती बरी हाय, दादा. लेकरालेबी काही होणार नाही. मी लिहून देतो. डॉक्टरांचं—”

“मी तुले डॉक्टरांचं इचारतच नाही!” हिंमतराव पहिल्यांदा ओरडले. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली आणि पुन्हा चालू लागली. ते आवाज खाली आणून म्हणाले, “सारा गाव म्हणे, तुमचा भाऊ घुम्या हाय. मी म्हणो, घुम्या असंन, पण खोटं बोलत नाही. तेवढं एक होतं माह्याजवळ सांगाले.”

“खरं सांगितलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?”

हिंमतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते प्रामाणिक माणूस होते.

“मोडली असती,” ते म्हणाले. “मोडलीच असती. पण मोडाची का नाही, हे माह्या हातात पाहिजे होतं, शेषा. पोरगा माहा होता.”

दादाचं खरं होतं. आपलंही खोटं नव्हतं, असं त्याला वाटत होतं. पण दोन्ही एका घरात मावण्यासारखं नव्हतं.

“तू आता घरी येऊ नको,” हिंमतराव म्हणाले. “तुही वहिनी म्हणते म्हणून नाही. मीच म्हणतो. तू समोर बसला की मले तेच आठवंन. लेकराचं बारसं होईन, बाकी होईन. मी पत्र टाकीन. पण येऊ नको.”

“हाव,” शेषराव म्हणाला.

दादांना एसटीपर्यंत पोचवायला तो निघाला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. पाठमोरे गेले. वखर धरून एका खांद्यात आलेला बाक चालताना स्पष्ट दिसत होता. कोपऱ्यावर ते थोडे रेंगाळले. वळून पाहतील असं शेषरावला वाटलं. त्यांनी चप्पल झटकली, खडा काढला आणि पुढं निघून गेले.

शेषरावनं पेटीची दोरी आवळली. ठरल्या गावाला जाणं भाग होतं. तो गेला नाही तर कोणी तरी वाट पाहून घरी परतलं असतं आणि पुन्हा आलं नसतं.

कपाशी फुटली होती. दोन्ही बाजूंच्या शेतांत बाया ओटीत कापूस वेचत होत्या. त्याची सायकल दिसताच एकीनं पदर पुढं ओढला. सातपुडा समोर निळा उभा होता. अर्ध्या वाटेवर त्यानं सायकल थांबवली, पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि जरा वेळ तसाच बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. कोकिळा त्या ताटात जेवतेय, एवढंच डोळ्यापुढं येत राहिलं.

गावाच्या टोकाला जनकाबाईचं घर होतं. एकटीच राहणारी बाई. मनगटाच्या वर चट्टा आहे, असं तिच्या पुतण्यानं कधीतरी सांगितलं होतं. दोन वर्षं शेषराव त्या दारावर जात होता. “काही नाही मले, पुढं जा,” एवढं आतून ऐकू येई. तो “बरं” म्हणून पुढं जाई आणि पुढच्या खेपेला पुन्हा येई.

आज दार उघडं होतं. जनकाबाई उंबरठ्यावर बसली होती, डावा हात पदरात गुंडाळलेला. चुलीवर पोळला होता. बोटभर लांब फोड होता.

“भाकर थापून राह्यली होती,” ती म्हणाली. “तवा लागला. मले समजलंच नाही, मास्तर. वास आला तेव्हा पाह्यलं.”

“दुखते?”

“नाही ना. दुखलं असतं तं बरं झालं असतं.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. फोडाला मलम लावून पट्टी बांधली. मग पेटीतून कबुतराचं पीस काढलं.

“कोणाले सांगता का तुम्ही?” तिनं विचारलं.

“नाही.”

“घरीबी नाही?”

“घरीबी नाही.”

तिनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग हात पुढं केला.

“डोळे मिटा, बाई,” तो म्हणाला. “मी पीस लावतो. जिथं लागंन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा.”

तिनं डोळे मिटले. त्यानं कोपराजवळ पीस टेकवलं. तिनं लगेच तिथं बोट ठेवलं. त्यानं जरा खाली टेकवलं. तिनं तिथंही ठेवलं. मग मनगटाच्या वर, त्या फिकट डागाच्या मधोमध, त्यानं अलगद पीस टेकवलं.

जनकाबाईचं बोट हवेत उचललेलं होतं. डोळे घट्ट मिटून ती वाट पाहत होती.

शेषरावनं घाई केली नाही.