अभिमन्यू सरांची फाईल

अभिमन्यू सरांच्या फाईलला हात लावायचा नाही, हा ऑफिसातला पहिला नियम. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचा कंट्रोलर चालवणारा तो कोड सरांनी फार पूर्वी लिहिला होता आणि त्याला हार घालायचा तेवढा बाकी होता. पुढं जुना प्रोसेसर बाजारातून गेला. नव्या पिढीच्या प्रोसेसरवर कर्नेल, म्हणजे यंत्रातल्या सगळ्या कामांचा कारभारी, बसवायचं काम होटगीच्या सुकन्याकडं आलं. तिनं ते बसवलंही. पण गिऱ्हाईक असलेल्या सिद्धाप्पांच्या टॉवेल कारखान्यात माग सुरू केला की टॉवेलावरचं फूल मधूनच तुटायचं.

"माझ्या हातानं नीट चालतं. तुझ्याच हातानं कसं बिघडतं?" सर चारचौघांत म्हणायचे. आज नीट विणलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, हेही त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

खोट कुठं आहे ते सुकन्याला कळलं होतं. जुना प्रोसेसर सांगितल्या क्रमानं काम करायचा. नवा घायकुता, सोयीचं आधी उरकणारा. सरांच्या फाईलीत आधी नक्षीची ओळ पाठवायची आणि मग 'दोरे उचल' हा हुकूम, एवढंच होतं. पहिलं पुरं होईतो थांब, असं मध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग कधीकधी हुकूमच आधी पोचायचा, आधीच्याच ओळीचे दोरे उचलले जायचे आणि फूल तुटायचं. तिनं 'थांब' सांगणारी ती एक ओळ दोनदा घातली, सरांनी दोनदा काढून टाकली.

आणि सरांच्या हातानं नीट का चालायचं? तर तपासताना पायरीपायरीची नोंद कंट्रोलरमधल्या मेमरी कार्डवर उतरवून घ्यायची त्यांना खोड होती. त्यात वेळ जायचा आणि तेवढ्यात नक्षी पोचायची.

सिद्धाप्पांसमोर तिनं तेच करून दाखवलं. नोंदी बंद केल्या, फूल तुटलं. चालू केल्या, फूल अखंड.

"सर, चूक तुमच्या फाईलीत आहे," ती म्हणाली. इतके दिवस गिळलेला राग आवाजात उतरला आणि तिला बरं वाटलं.

सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मग नोंदी चालूच ठेवू. झालं काम. शेठ, पोरगी नवीन आहे, उगाच घोळ घालत बसली. उद्यापासून ती यायची नाही."

"मला आदीच वाटलं हुतं," सिद्धाप्पा हसले. "पोरींना मागातलं काय कळतंय? साहेब, आजच सगळ्या मागांवर बसवून टाका. दिवाळीच्या मालाची लई घाई हाय."

सुकन्यानं लॅपटॉप मिटला. त्या नोंदी तपासणीपुरत्या असतात. माग दिवसरात्र चालले तर आठवड्याच्या आत कार्डं भरणार आणि ऐन घाईत सगळे माग बंद पडणार. तोऱ्यात असलेल्या सरांच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

दाराशी सिद्धाप्पांनी तिला हटकलं. "जाता जाता सांग की. ह्ये असंच कायम चालंल न्हवं?"

"सरांना इचारा की," तिनं चपला पायात सरकवल्या. "फाईल त्यांचीच हाय."

ते विचारणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.